पडवीत ऐकते, पुळणीवर ऐकत नाही: कुत्र्याचं लक्ष कुठे जातं ते शोधताना

आमची चिंगी गावठी कुत्री, तांबूस रंगाची, आता तीन वर्षांची. पडवीत ती एका शब्दावर बसते. जेवणाची थाळी समोर ठेवून "थांब" म्हटलं तर थांबते. बेड्याच्या आत सगळं ठीक. पण पाखाडीने खाली येऊन सुरूच्या झाडांतून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, पाय ठेवला की तीच चिंगी बहिरी झाल्यासारखी व्हायची. नाक वर, कान हर्णै बंदराच्या दिशेला, आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा तोंडापाशी धरला तरी ढुंकून बघायची नाही. चार दिवस मेहनत केली की जरा सुधारणा व्हायची, पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं जवळजवळ वर्षभर चाललं.

आम्ही राहतो दापोली तालुक्यातल्या मुरूडला. पुळणीवर पर्यटक, घोडागाड्या, भटक्या कुत्र्यांच्या दोन टोळ्या, आणि उत्तरेला हर्णैचं बंदर. "घरात ऐकतो, बाहेर ऐकत नाही" ही तक्रार इथे दर दुसऱ्या घरात आहे, आणि बहुतेक ठिकाणी निदान एकच होतं: कुत्रा हट्टी आहे. चिंगीच्या बाबतीत मला एवढं नक्की कळलं की ती हट्टी नव्हती. तिचं लक्ष पुरेपूर होतं, फक्त ते एका ठरावीक गोष्टीवर होतं आणि ती गोष्ट मला दिसत नव्हती. ती कोणती हे शोधल्यावर अर्धं काम झालं. कसं शोधलं ते सांगते.

त्याआधी तब्येत

हे मी फार उशिरा केलं आणि त्याची मला अजून रुखरुख आहे. पावसाळा संपत आला होता. चिंगी सांगितलं तर बसायची, पण बसली की उठायला वेळ लावायची. हाक मारली तर मान वळवायची, यायची नाही. मला वाटलं, कंटाळली. मी खाऊ बदलला, जागा बदलली, दोन आठवडे असेच घालवले. एका सकाळी तिच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात हात गेला तर दोन टपोऱ्या गोचिडी लागल्या, कानामागे आणखी तीन. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या फिकट. दापोलीला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ताप १०४ फॅरनहाइट होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. रक्त तपासलं, प्लेटलेट कमी. गोचीड ताप, एर्लिकिया नावाच्या जंतूचा. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या जवळजवळ महिनाभर चालल्या. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा हाकेला धावायला लागली.

म्हणून आधी ऐकणारा कुत्रा अचानक ऐकेनासा झाला तर शिकवणी बंद करा आणि अंग तपासा. बोटांच्या बेचक्या, कानाच्या पाळ्यांच्या आत, शेपटीखाली, गळपट्ट्याखाली. कानाला आंबूस वास येतोय का, डोकं सारखं झटकतोय का, हेही बघा. आपल्याकडच्या दमट हवेत लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना कानात बुरशी फार होते, आणि दुखऱ्या कानाच्या कुत्र्याला हाकेकडे लक्ष देणं जमत नाही. सहा महिने ते दीड वर्ष हे वयसुद्धा वांड असतं, कुत्री माजावर असेल तरी तिचं चित्त थाऱ्यावर नसतं. त्या दिवसांत अपेक्षा कमी ठेवायच्या, एवढंच.

वही आणि उदबत्ती

तब्येत सुधारली तरी पुळणीवरचं दुखणं तसंच राहिलं. मग मी एक शंभर पानी वही घेतली. रोज लिहायचं: किती वाजता गेलो, भरती की ओहोटी, कुठे उभे राहिलो, चिंगीने खाऊ घेतला का, किती वेळा सांगितल्यावर बसली. बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी वही चाळली तर एक गोष्ट ढळढळीत दिसली. त्याच सुरूच्या झाडाखाली, त्याच खाऊवर, सकाळी साडेसहाला ती दहापैकी आठ वेळा ऐकत होती आणि संध्याकाळी साडेपाचला दहापैकी दोनदा.

मला वाटलं, संध्याकाळी माणसं जास्त असतात म्हणून असेल. पण आडदिवशी, पुळण रिकामी असतानाही तसंच होत होतं. ही वही मी पडवीत बसून वाचत होते तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सासूबाई देवापुढची उदबत्ती तुळशीत खोचायला बाहेर आल्या. धूर सरळ वर न जाता आडवा होऊन माडांच्या बागेकडे निघाला. चिंगी पायरीवर बसली होती, तोंड वाऱ्याच्या बरोबर समोर, नाकपुड्या हलत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "अगो, धूर जिकडून येतोय तिकडेच बघत्ये ती. बंदरावरची मासळी आली असेल."

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे मला त्या क्षणी आठवले. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, तो मतलई. पहाटेपर्यंत मतलई असतो. ऊन चढलं की वारा फिरतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर आमच्याकडे तो वायव्येकडून येतो, म्हणजे थेट हर्णैच्या अंगाने. हर्णैला संध्याकाळी होड्या लागतात, मासळीचा लिलाव होतो, आसपास सुकी मासळी वाळत असते. तो सगळा बाजार वाऱ्यावर चढून चिंगीच्या नाकात येत होता, आणि मी तिच्यापुढे कोंबडीचा एक फुळकट तुकडा धरून "बस, बस" करत होते. वास ओळखणाऱ्या पेशी आपल्या नाकात काही लाख असतात, कुत्र्याच्या नाकात काही कोटी. मला ज्या संध्याकाळी नुसता "छान वारा" जाणवत होता, त्या संध्याकाळी तिच्यापुढे अख्खं बंदर उघडं पडलेलं असायचं.

आता मी खिशात उदबत्ती आणि काडेपेटी ठेवते. पोचल्यावर आधी धूर कुठे जातो ते बघायचं. वास जिथून येण्याची शक्यता आहे ती जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील असं उभं राहायचं. म्हणजे वारा आधी आपल्यावरून, मग त्या जागेवरून जायला हवा. संध्याकाळी हे बंदराच्या बाबतीत जमत नाही, कारण वारा तिकडूनच येतो. म्हणून संध्याकाळी नवं काही शिकवायचं नाही, जुनंच घोटायचं आणि तेही माडांच्या आगरात, गडग्याच्या आडोशाला. नवा धडा सकाळी, वारा फिरायच्या आत. मात्र सकाळचा मतलई वाडीतले वास घेऊन येतो: कुणाच्या चुलीवरचे घावन, कोंबड्यांचं खुराडं, शेजारचा बोका. त्यामुळे सकाळी घरांच्या रांगेला चिकटून उभं राहण्यात अर्थ नाही, पाण्याजवळ उभं राहिलं तरी घरांच्या सरळ रेषेतून थोडं बाजूला सरकायचं.

तुमच्याकडे बंदर नसेल. मग दुसरं काहीतरी असेल: काजूच्या बागेत वानरांची टोळी, कातळावर मुंगूस, रस्त्याकडेला कोंबडीचं दुकान, लाटेबरोबर मागेपुढे पळणारे खेकडे. दोन-तीन आठवडे वही ठेवा. वेळ, वारा आणि जागा लिहिलीत तर चोर सापडतो.

अंतर मोजायचं ते खाऊने

हा भाग मला सगळ्यात उपयोगी पडला. कुत्रा "विचलित आहे" म्हणजे नेमका किती, हे कळायला आपल्याकडे एक चांगलं माप असतं, ते म्हणजे त्याचं खाणं. एरवी आवडीने खाणाऱ्या कुत्र्याला तुकडा द्या. त्याने तो ओठांनी हळूच उचलला आणि आपल्याकडे बघितलं, तर शिकवायला हरकत नाही. बोटांना दात लागतील असा हिसकावून घेतला आणि नजर लगेच दुसरीकडे गेली, तर तो काठावर आहे. तुकडा नाकापुढे असून घेतलाच नाही, तर त्या जागी आज काहीही शिकवता येणार नाही. तिथे आवाज चढवून फायदा नसतो, मागे फिरायचं. ज्या ठिकाणी तो पुन्हा हळू खायला लागतो तिथे थांबायचं. ते आजचं अंतर.

पहिल्या दिवशी भटक्या कुत्र्यांपासून चिंगीचं अंतर साठ पावलं निघालं. माझा अंदाज वीस पावलांचा होता. म्हणजे वर्षभर मी तिला अशा जागी उभी करून शिकवत होते जिथे तिला शिकणं शक्यच नव्हतं. साठ पावलांवर आम्ही आठवडाभर राहिलो. दहापैकी आठ वेळा पहिल्याच शब्दाला ऐकलं की पाच पावलं पुढे, दहापैकी सहापेक्षा कमी झालं की दहा पावलं मागे. मागे जायचा कंटाळा करू नका, तिथेच बहुतेकांचं बिनसतं. मार्च उजाडेपर्यंत आम्ही पंधरा पावलांवर आलो.

खाऊ जागेप्रमाणे. पडवीत भाकरीचा तुकडा चालतो, पुळणीवर भाकरी कोण विचारतो? तिथे उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, किंवा कोंबडीचं काळीज उकडून तव्यावर सुकवलेले तुकडे. तुकडा तुरीच्या दाण्याएवढा, त्याहून मोठा नको, कारण चावत बसला की धागा तुटतो आणि पोटही भरतं. सुकट किंवा जवळा वासामुळे उत्तम चालतो, पण तो फार खारट असतो. दोनदा पाण्यात भिजवून, पाणी टाकून, चिमूटभर द्यावा. मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट यातलं काहीही देऊ नका, कुत्र्यांना ते विषारी आहे. बक्षीस देताना उशीर नको. बसली की लगेच, एका श्वासात. पिशवीची गाठ सोडेपर्यंत ती उठलेली असते, आणि मग आपण उठल्याबद्दल बक्षीस देतो. मी जुन्या ओढणीची कंबरेला बांधायची पिशवी शिवली, तोंड उघडं ठेवून.

"बस" हा शब्द झिजलेला असतो

एके दिवशी दुपारभर मी घरात कान देऊन ऐकलं. "बस झालं आता", "बस की जरा", "साडेचारची बस गेली का?", "काकू, बसा ना". दुपारभरात चिंगीच्या कानावर तो शब्द कितीतरी वेळा पडला आणि त्यातल्या एकाही वेळी तिच्याकडून काही अपेक्षित नव्हतं. शिवाय मुलगा "सीट" म्हणायचा, सासूबाई "खाली बस गो", यजमान नुसतं बोट दाखवायचे. ज्या शब्दाला बहुतेक वेळा काही अर्थच नसतो, तो ऐकू न घ्यायला कुत्रा आपोआप शिकतो.

आम्ही "बस" सोडला आणि "टेक" घेतला. बोलावण्यासाठी "ये"ही सोडला, कारण तोही दिवसभर घरात फिरतो, आणि पुळणीवर प्रत्येक पर्यटक बिस्किट दाखवून "यू यू" करतो. त्याऐवजी "धावऽऽ". लांब स्वर लाटांच्या आवाजावरून पोचतो आणि घरात हा शब्द कुणी वापरत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला, चार शब्द, चौघांनी तेच वापरायचे. एकदाच म्हणायचं. ऐकलं नाही तर पुन्हा पुन्हा न ओरडता अंतर वाढवायचं. नवे शब्द पडवीपासून पुन्हा शिकवावे लागले, पण दहा-बारा दिवसांत बसले.

हुंगू द्या

मी आधी तिचं नाक जमिनीवरून उचलायला बघायचे, पट्टा खेचून. आता पुळणीवर पोचल्यावर पहिली सात-आठ मिनिटं लांब दोरीवर मोकळी सोडते. हवं ते हुंगू दे. मग शिकवणी, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही. आणि मधूनमधून बक्षीस म्हणून पुन्हा हुंगायला सोडायचं: "टेक", बसली, माझ्याकडे बघितलं, की "जा". जिच्याकडे ती पळणार होती तीच गोष्ट माझ्या हातून मिळायला लागली. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडलेलं तत्त्व हेच आहे: प्राण्याला जे आपणहून जास्त करावंसं वाटतं, ते कमी आवडत्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. "आधी पाढे म्हण, मग आंबे खायला जा" हे आपल्या घरांत चालत आलेलंच आहे.

दोरी सुती असावी, आठ-दहा मीटर. नायलॉनची हाताला कापते. होडीवरची जुनी दोरी घेतलीत तर तिच्यात गळ किंवा जाळ्याचा तुकडा अडकलेला नाही ना, बघून घ्या.

काठी

शेजारचे एक काका मनापासून सांगायचे, "वहिनी, एक फोक हातात धरा, बघा कशी सुतासारखी सरळ होते." त्यांच्या सांगण्यावरून मी काठी नुसती हातात धरली, मारली नाही. चिंगीने मान वळवली, जांभई दिली, जीभ नाकावरून फिरवली आणि जमीन हुंगायला लागली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, बघा, लक्षच नाही. पण अवेळी जांभई, ओठ चाटणं, तोंड फिरवणं आणि काही नसलेली जमीन हुंगणं या कुत्र्याच्या अवघडलेपणाच्या खुणा आहेत. खऱ्या वासामागे लागलेला कुत्रा वेगळा दिसतो: शेपूट सैल किंवा हलती, अंग पुढे झुकलेलं, पावलं वासाच्या रेषेवर. घाबरून हुंगणाऱ्याची शेपूट खाली, कान मागे, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो आपल्याकडेच बघत असतो. पहिल्याला अंतर हवं असतं, दुसऱ्याला आपण थोडं मऊ व्हावं लागतं: वाकून अंगावर न येता बाजूला उभं राहणं, आवाज उतरवणं, एखादी सोपी गोष्ट करायला लावून तिथेच थांबणं. काठी मी त्याच दिवशी आंब्याच्या बुंध्याशी टाकली.

ऊन आणि घाम हा वेगळा विषय, थोडक्यात सांगते. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो आणि दमट हवेत ती युक्ती नीट चालत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर शिकवणी नको. कातळावर किंवा कोरड्या वाळूवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. घरून पाणी न्या, खारं पाणी प्यायला तर जुलाब होतात. चेंडू लाल असेल तर बदला. कुत्र्याला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत, गवतात पडलेला लाल चेंडू त्याला सापडत नाही आणि आपल्याला वाटतं खेळात मन नाही. निळा किंवा पिवळा घ्या.

"सोड" हा शब्द मात्र पुळणीवर नेण्याआधी पक्का करा. लाटेबरोबर केंड मासा येऊन पडतो, त्याचं विष कुत्र्याचा जीव घेऊ शकतं. आणि नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत आमच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यांवर, वेळास-आंजर्ल्याला तर नेमाने, ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. घरटं हुंगून उकरायला कुत्र्याला वेळ लागत नाही. त्या महिन्यांत चिंगीची दोरी मी पुळणीवर कधीच सोडत नाही, ती कितीही ऐकत असली तरी.

पुन्हा बिघडलं तर

बिघडतंच, आणि वेळ ठरलेली असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, वाळवण नाही, पर्यटक तुरळक. त्या दोन महिन्यांत पाऊस जरा उघडला की चिंगी पुळणीवर अगदी पडवीतल्यासारखी वागते आणि आम्हाला वाटतं, जमलं. मग ऑगस्ट लागतो, नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात, पुन्हा मासळी येते, आणि तिचं नाक पुन्हा उत्तरेला. पहिल्या वर्षी मी हबकले होते. आता जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वहीत नवं पान काढते, वर तारीख घालते आणि अंतराच्या रकान्यात पुन्हा साठ पावलं लिहून ठेवते. गेल्या वर्षी साठावरून पंधरावर यायला अकरा दिवस लागले.